स्थानिक स्वराज्य संस्थांतील संगणकसेवा आणि तिचे भाषाविषयक अंग

सन १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'पदनाम कोश' प्रसिद्ध केला आणि आचार्य अत्रे यांनी त्याची 'बदनाम कोश' म्हणून थट्टा केली, ही हकीकत सुपरिचित आहे. कोशातील अनेक शब्दांना लोक हसले. पुढे त्यांतलेच कित्येक शब्द कचेऱ्यांच्या दारांवर पाट्या होऊन बसले आणि हसण्याचे कारण कोणाला आठवेनासे झाले. त्याच वर्षी १ मे रोजी राज्यातील जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. ह्या परिषदांच्या, नगरपालिकांच्या आणि ग्रामपंचायतींच्या आस्थापनेत आज जी पदे दिसतात, त्यांतील एका वर्गाची नावे त्या कोशात असणे शक्यच नव्हते. संगणक अभियंता, सिस्टीम ॲनालिस्ट, सिस्टीम मॅनेजर, डेटा एन्ट्री ऑपरेटर, संगणक परिचालक अशी ही नावे होत. त्यांच्याकडे नुसते पाहिले तरी हा व्यवसाय अजून नीटसा स्थिरावलेला नाही हे ध्यानात येते. लिपिक म्हणजे कोण हे खेड्यातल्या माणसालाही ठाऊक असते. सिस्टीम ॲनालिस्ट नगरपालिकेत नेमके काय करतो, हे पुष्कळदा शेजारच्या खोलीतील लिपिकालाही सांगता येत नाही.

ह्या सेवेचे वर्णन सामान्यतः यंत्रविद्येची एक शाखा म्हणून केले जाते. संगणक बसविणे, ते एकमेकांस जोडणे, माहिती सुरक्षित ठेवणे, बिघाड दुरुस्त करणे हे तिचे अंग आहेच, आणि ते बँकेत वा कारखान्यातही असते. स्थानिक संस्थेतील सेवेचे निराळेपण तिच्या सामग्रीत आहे. बँकेच्या संगणकातील मुख्य सामग्री अंकांची. नगरपालिकेच्या व ग्रामपंचायतीच्या संगणकातील मुख्य सामग्री नावांची. जन्म, मृत्यू आणि विवाह यांच्या नोंदी, घरपट्टी, पाणीपट्टी, शाळेतील प्रवेशाचे रजिस्टर, मतदारयादी, घरकुलाच्या लाभार्थींची यादी, ह्या सर्वांत अंक येतात ते कोणाच्या तरी नावामागून येतात. अंक चुकला तर बेरीज जुळत नाही आणि चूक संध्याकाळपर्यंत उघडकीस येते. नाव चुकले तर कोणतीच बेरीज बिघडत नाही. ती चूक शांतपणे पडून राहते आणि मुलाच्या पारपत्राच्या वेळी किंवा वडिलांच्या वारसनोंदीच्या वेळी, म्हणजे पंधरा-वीस वर्षांनी, वर येते. नाव कसे लिहावयाचे, दोन नावे एकच मानावयाची की नाही, जुन्या नोंदीतील अक्षर आज कोणत्या अक्षराने दाखवावयाचे, हे प्रश्न भाषेचे व लिपीचे आहेत; आणि ते प्रत्यक्षात सोडविणारा माणूस संगणकसेवेतील आहे. ह्या सेवेची रचना, तिची परीक्षा आणि तिचे वेतन मात्र तिच्या ह्या अंगाची दखल घेत नाहीत.

प्रथम रचना पाहणे सोयीचे होईल. राज्यात २९ महानगरपालिका आहेत आणि त्यांतील प्रत्येकीची आस्थापना स्वतंत्र आहे. त्यामुळे एका शहरात जो 'संगणक विभाग' तो दुसऱ्या शहरात 'माहिती व तंत्रज्ञान विभाग' असतो, आणि ह्या शतकाच्या आरंभापूर्वी काही ठिकाणी त्यास 'ई. डी. पी.' अशा आद्याक्षरांनीच ओळखीत. नगरपरिषदा व नगरपंचायती यांच्यासाठी राज्यस्तरीय संवर्ग आहे. नगरपरिषद प्रशासन संचालनालयाने सन २०२३ मध्ये ह्या सेवांतील गट-क मधील १,७८२ पदांची भरती जाहीर केली. तीत संगणक अभियांत्रिकी सेवेची पदे ४५ होती, तर कर निर्धारण व प्रशासकीय सेवेची ५७९. हे आकडे रिक्त पदांचे असल्याने त्यांवरून सेवेचा एकूण विस्तार काढणे योग्य होणार नाही. तथापि प्रमाण कोणत्या बाजूला झुकते ते त्यांतून दिसते. नगरपरिषदेत संगणक अभियंता बहुधा एकटाच असतो. वरचा अधिकारी मुख्याधिकारी, खालचा सहकारी कोणी नाही, आणि ज्याच्याशी तांत्रिक बोलणे करावे असा माणूस दुसऱ्या गावी, अशी त्याची स्थिती असते.

ग्रामपंचायतींची संख्या सुमारे २८,००० आहे. तेथे अभियंता नसतो. तेथे संगणक परिचालक असतो. सन २०११ मध्ये 'संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र' ऊर्फ 'संग्राम' ह्या प्रकल्पाखाली हे परिचालक नेमले गेले. तो करार सन २०१५ च्या अखेरीस संपला आणि २०१६ पासून त्याच स्वरूपाचे काम 'आपले सरकार सेवा केंद्र' ह्या नावाने सुरू झाले. नाव बदलले तरी संबंध कंत्राटीच राहिला: काम ग्रामपंचायतीचे, नेमणूक मध्यस्थ यंत्रणेमार्फत, आणि मिळते ते वेतन नव्हे तर मानधन. परिचालकांनी कर्मचाऱ्याचा दर्जा व किमान वेतन यांसाठी वेळोवेळी आंदोलने केली आहेत. 'मानधन' ह्या शब्दाचा अर्थविस्तारही येथे पाहण्यासारखा आहे. व्याख्यात्याला किंवा कवीला सन्मानादाखल द्यावयाची रक्कम ती मानधन. महिन्याचे पंचवीस दिवस ठरल्या वेळी येऊन काम करणाऱ्याला तोच शब्द लावला म्हणजे त्यातून मान उरतो की नाही हे सांगणे कठीण, धन मात्र निश्चितच कमी होते.

आता कामाकडे वळता येईल. बाहेरून पाहणाऱ्याची अशी समजूत असते की, हे लोक आज्ञावली लिहितात. वस्तुस्थिती तशी क्वचितच असते. आज्ञावली बाहेरची कंपनी किंवा केंद्र व राज्य शासनाची यंत्रणा तयार करते. जन्म-मृत्यूची नागरी नोंदणी प्रणाली आणि सन २०२० मध्ये सुरू झालेले ई-ग्रामस्वराज ही केंद्राची उदाहरणे होत. स्थानिक संस्थेतील माणसाचे काम दोन भाषांमधील दुभाष्याचे असते. एका बाजूला दप्तराची भाषा, दुसऱ्या बाजूला रकान्यांची. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे आकारणी नोंदवही, घेतला तर तीत मालकाचे नाव आणि भोगवटा करणाऱ्याचे नाव असे दोन निराळे रकाने असतात. कागदावर मात्र तेथे 'कै. अमुक यांचे वारस', 'अमुक व इतर २', 'सदर', 'वरीलप्रमाणे' असे काहीही सापडते. कागदाची हीच सोय आहे की, तो संदिग्धता सहन करतो. यंत्राला प्रत्येक व्यक्तीसाठी एक ओळ हवी असते, आणि 'व इतर २' ह्यांची नावे काय, हा प्रश्न चाळीस वर्षांत प्रथमच विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यासाठी परिचालकाला गावातील जुन्या माणसाकडे जावे लागते. वर्तमान नोंदीचा अर्थ लावण्यासाठी मौखिक परंपरेचा आधार घ्यावा लागणे, ही गोष्ट क्षेत्रकार्य करणाऱ्या अभ्यासकाला अपरिचित नाही.

लिपीचा प्रश्न याहून खोल आहे. देवनागरी अक्षरे संगणकात साठविण्याची पद्धत एकाच वेळी ठरली नाही. भारतीय लिपींसाठी 'इस्की' हा मानक संकेत सन १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारला गेला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि तीत देवनागरीसाठी १२८ जागांचा गट राखून ठेवण्यात आला. परंतु कचेऱ्यांत त्या काळी, आणि त्यानंतरही दीर्घकाळ, ह्या दोहोंपेक्षा निराळीच रीत चालत होती. एखाद्या व्यावसायिक टंकात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. पडद्यावर मराठी दिसे. यंत्राच्या पोटात मात्र रोमन अक्षरांची अर्थहीन मालिका असे. तो टंक ज्या संगणकावर नाही तेथे ती फाईल उघडली की 'पाणीपट्टी'च्या जागी विरामचिन्हे आणि इंग्रजी अक्षरे यांचा कालवा दिसतो. अशा फाईलींत अनेक नगरपालिकांचे दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांचे ठराव व कराच्या याद्या आहेत. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात. तथापि प्रत्येक कंपनीच्या टंकाची मांडणी वेगळी असल्यामुळे जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी यांच्या ठिकाणी रूपांतर घसरते. वेलांटीचे कारण लिपिशास्त्रीय आहे. ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो, लेखनात व्यंजनापूर्वी. जुन्या टंकाने दिसण्याचा क्रम साठविला, युनिकोड उच्चाराचा क्रम साठवितो. टंककाराची दृष्टी आणि वैयाकरणाची दृष्टी यांतील हा भेद प्रत्येक 'शि' आणि 'कि' मध्ये एकदा निस्तरावा लागतो.

युनिकोड सर्वत्र आल्यानंतर प्रश्न संपले असे पुष्कळांस वाटते. मराठीच्या बाबतीत ते पुरतेपणी खरे नाही. 'कुऱ्हाडे' हे आडनाव घ्यावे. त्यातील 'ऱ्ह' हा मराठीचा स्वतःचा विशेष होय. हा अर्धा र दोन प्रकारांनी साठविता येतो: 'ऱ' ह्या स्वतंत्र वर्णाला हलन्त करून त्यापुढे 'ह' देऊन, किंवा साध्या 'र'ला हलन्त करून त्यानंतर एक न दिसणारे सांधक चिन्ह आणि मग 'ह' देऊन. पडद्यावर व कागदावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राला ती दोन भिन्न नावे आहेत. तिसरा प्रकार असा की, टंकलेखकाला यांपैकी काहीच ठाऊक नसल्यामुळे रफार पडतो आणि 'कुर्हाडे' असे रूप तयार होते. आता ह्या आडनावाचा मनुष्य आपल्या घराचा कर भरावयास आला, खिडकीतील कर्मचाऱ्याने त्याचे नाव एका रीतीने टंकित केले आणि यादीत ते दुसऱ्या रीतीने असले, तर शोध निष्फळ होतो. माणूस समोर उभा आहे, घर जागेवर आहे, मागील वर्षाची पावती त्याच्या हातात आहे, आणि पडदा सांगतो की, अशी नोंद नाही. दोन्ही बाजूंच्या माणसांना चूक दिसूच शकत नाही, कारण ती दिसण्याच्या पातळीवर नाहीच. गोऱ्हे, वऱ्हाडे, कऱ्हाडकर ह्या नावांच्या बाबतीत हेच घडू शकते. आणि महाराष्ट्रात ही नावे विरळा नाहीत.

'ॲ' ची कथाही अशीच आहे. ह्या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान सन २००८ मध्ये मिळाले. मराठीच्या प्रमाण वर्णमालेविषयी ६ नोव्हेंबर २००९ रोजी निघालेल्या शासन निर्णयाने 'ॲ' व 'ऑ' ह्यांचा वर्णमालेत समावेश केला. त्यापूर्वी लोकांनी आपापली वाट काढली होती. कोणी 'अ'वर चंद्र देई, कोणी 'ऍ' हे 'ए'वर चंद्र असलेले रूप वापरी, कोणी अनुनासिकाचा चंद्रबिंदू घेऊन 'अँ' लिही. वसईसारख्या भागात, जेथे मराठीभाषक ख्रिस्ती समाज शतकानुशतके नांदत आहे, 'ॲन्थनी' हे एकच नाव ह्यामुळे चार प्रकारांनी नोंदले जाऊ शकते. त्यांपैकी 'अ'वर चंद्र दिलेले रूप आणि 'ॲ' हा एकसंध वर्ण दिसावयास सारखे, परंतु संकेतांत भिन्न. शोध घेण्यापूर्वी अशी सर्व रूपे एकाच रूपात आणण्याची आज्ञा यंत्राला देता येते, आणि ती देणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. अवघड आहे ते कोणती रूपे एक मानावयाची ह्याची यादी करणे. ती यादी यंत्रज्ञ करू शकत नाही. मराठी वर्णव्यवस्था जाणणाऱ्या माणसाने ती करावी लागते.

वर्णक्रमाचा मुद्दा तुलनेने लहान आहे. युनिकोडमधील जागांच्या क्रमाने यादी लावली तर 'क्षीरसागर' हे नाव 'क' मध्ये पडते आणि 'ळ' हा वर्ण 'ल' व 'व' यांच्या मध्ये येतो. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात, आणि छापील यादीत आपले नाव शोधणारा मनुष्य त्यांस तेथेच शोधतो. मराठीसाठी वेगळा क्रम लावता येतो, पण तो लावावयास कोणी सांगावे लागते.

रोमन लिपीतून येणारे नुकसान अधिक मोठे आहे. पुष्कळ प्रणालींत नाव प्रथम इंग्रजीत भरले जाते आणि मराठी रूप यंत्र आपोआप तयार करते. रोमन लिपी त-ट, द-ड, न-ण, ल-ळ आणि अ-आ हे भेद नेहमीच्या लेखनात दाखवीत नाही. 'दाते' हे आडनाव रोमन अक्षरांत डी-ए-टी-ई असे लिहितात. त्यातून पहिल्या व्यंजनाचे दोन, स्वराचे दोन आणि दुसऱ्या व्यंजनाचे दोन असे पर्याय धरले तर आठ मराठी रूपे संभवतात: दाते, दाटे, डाते, डाटे, दते, दटे, डते, डटे. नववे रूप इंग्रजी शब्द म्हणून 'डेट', अर्थात दिनांक. आणि अर्जात त्याच नावाचा एक रकाना शेजारीच असतो. काळे आणि काले, गोळे आणि गोले यांचा निर्णय यंत्र वारंवारितेवर करते. ज्या कुटुंबाचे नाव विरळ, त्याच्या वाट्याला चूक अधिक येते. आईवडिलांनी मराठीत सांगितलेले नाव इंग्रजीतून फिरवून पुन्हा मराठीत आणण्याचा हा उलटा प्रवास ज्या राज्यात चालतो, तेथे सन १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे आणि स्थानिक संस्थांच्या कामकाजासाठी सन २०२२ मध्ये वेगळा राजभाषा अधिनियमही झाला आहे. अधिनियमाने पत्रव्यवहार मराठीत येतो. नोंद कोणत्या लिपीत प्रथम जन्मते, हे आज्ञावलीच्या रचनेवर अवलंबून राहते.

शुद्धलेखनाने यात आणखी एक थर घातला आहे. सन १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. तेव्हा 'गांव'चे 'गाव' झाले आणि 'नांव'चे 'नाव'. पण आडनावे व गावांची नावे नियमांच्या आज्ञेत सर्वस्वी नसतात. 'गांवकर' अशी सही करणारी कुटुंबे आहेत आणि 'जळगांव' असे लिहिलेल्या जुन्या पाट्या व शिक्के आहेत. नियमाप्रमाणे अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार दीर्घ असावयास हवा, म्हणून 'पाटील'. आजोबांच्या नोंदीत 'पाटिल' असेल तर नातवाच्या अर्जाशी ती जुळत नाही. अशा ठिकाणी परिचालकाने मूळ लेखन जसेच्या तसे ठेवावे की प्रचलित रूप द्यावे? पाठसंपादनशास्त्रात ह्या प्रश्नावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. ग्रामपंचायतीत तो दिवसातून अनेकदा येतो आणि त्याचा निर्णय काही सेकंदांत, रांगेतील लोकांच्या देखत होतो. मूळ रूप आणि शोधासाठीचे प्रमाण रूप अशी दोन्ही ठेवणे हा पाठसंपादकाचा मार्ग येथेही लागू पडेल. परंतु त्यासाठी एक अधिक रकाना लागतो, आणि तो मागावयाचा असतो हेच पुष्कळांस ठाऊक नसते.

दुरुस्तीच्या बाबतीत कायद्याची दृष्टी मात्र आश्चर्यकारकरीत्या सूक्ष्म आहे. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ ह्याच्या कलम १५ प्रमाणे नोंदीत चूक आढळल्यास निबंधकाने मूळ नोंदीत कोणताही फेरफार न करता समासात योग्य ती नोंद करून, स्वाक्षरी व दिनांक घालून दुरुस्ती करावयाची असते. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हे तत्त्व जुनेच आहे: मूळ पाठ खोडू नये, शोधन समासात द्यावे. संगणकाची सहजप्रवृत्ती ह्याच्या नेमकी उलट आहे. तेथे नवे अक्षर आले की जुने नाहीसे होते. चांगल्या प्रणालीत प्रत्येक बदलाचा इतिहास जपला जातो, म्हणजे समास यंत्राच्या आत बांधलेला असतो. सामान्य तक्त्यात कराची यादी ठेवणाऱ्या कचेरीत समासच नसतो. सन २०२३ च्या सुधारणेने, १ ऑक्टोबर २०२३ पासून, त्या दिनांकास वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या जन्मदाखल्यास शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी इत्यादींसाठी जन्मदिनांक व जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून मान्यता मिळाली. ह्यापुढे एका नोंदीतील एका काना-मात्रेचा भार पूर्वीपेक्षा जास्त असणार, हे उघड आहे.

जुन्या दप्तराचे महत्त्व किती अकस्मात वाढू शकते, ह्याचे उदाहरण त्याच वर्षी घडले. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली जाऊन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. गाव नमुना १४ म्हणजे कोतवालाचे जन्म-मृत्यूचे पुस्तक, शाळांची प्रवेश रजिस्टरे आणि इतर महसुली कागद तपासले गेले. त्यांतील कित्येक मोडी लिपीत होते, आणि मोडी वाचणारांची गरज एकाएकी सर्वत्र भासू लागली. कागदांच्या प्रतिमा घेऊन त्या जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या. प्रतिमा घेणे हे यंत्राचे काम आणि ते लवकर होते. प्रतिमेतील नाव शोधता यावयाचे तर ते कोणी तरी वाचून देवनागरीत उतरविले पाहिजे. मोडी लेखनात इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घत्व साधारणपणे दाखवीत नाहीत. म्हणजे उतरविणारा प्रत्येक नावाच्या वेळी एक निर्णय घेतो. त्याने घेतलेला निर्णय उद्या कोणाच्या तरी जातप्रमाणपत्राच्या अर्जात पुरावा म्हणून पुढे येतो. मोडी वाचणारा मनुष्य आणि संगणकावर नोंद करणारा मनुष्य बहुतेक ठिकाणी वेगवेगळे असतात. एकाला लिपी येते, दुसऱ्याला रकाना ठाऊक असतो. दोघांमध्ये लेखनाचे समान नियम लिहून दिलेले नसतील तर एकाच पुस्तकाच्या दोन भागांत एकच घराणे दोन नावांनी उतरते.

ह्या कचेऱ्यांची बोलीही अभ्यासकांनी टिपून ठेवण्याजोगी आहे. 'डोंगल' हा शब्द ग्रामपंचायतीत अंकीय स्वाक्षरीचे उपकरण ह्या अर्थाने रुळला असून, त्याचा अर्थ त्याही पुढे सरकला आहे. 'डोंगल कोणाकडे आहे?' ह्या प्रश्नात पैसा खर्च करण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, ही पृच्छा असते. 'नोंद मारणे', 'प्रिंट मारणे' ह्या प्रयोगांत 'मारणे' हे क्रियापद शिक्का मारण्याच्या जुन्या क्रियेपासून आले असावे. सर्वांत उद्बोधक आहे ती कर्त्याची स्थिती. पूर्वी 'भाऊसाहेबांनी दाखला दिला नाही' असे म्हणत. त्यात देणारा व न देणारा कोण हे स्पष्ट असे. आता 'दाखला निघत नाही' असे म्हणतात. 'काढणे' ह्या सकर्मक धातूऐवजी 'निघणे' हा अकर्मक धातू आला आणि कर्ता वाक्यातून गेला. तो पुन्हा अवतरतो तेव्हा यंत्राच्या रूपाने: 'सिस्टीम नाव घेत नाही', 'सर्व्हर डाऊन आहे'. नागरिकाच्या दृष्टीने ह्या वाक्यरचनेचा परिणाम व्यावहारिक आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे ठरलेल्या मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करता येते. परंतु अपील पदनिर्देशित अधिकाऱ्याविरुद्ध करावयाचे असते, 'सिस्टीम'विरुद्ध करता येत नाही. खिडकीवरील वाक्यात ज्याचे नाव येत नाही त्याच्याविरुद्ध अर्ज लिहिणे सामान्य माणसाला सुचत नाही. उलट परिचालकही ह्या वाक्याचा आश्रय घेतो, आणि त्यास फारसा दोष देता येत नाही. दाखला रोखण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही, देण्याचाही नाही, आणि रांगेतील रोष मात्र त्याच्याच वाट्याला येतो.

ह्या सेवेत प्रवेश करू इच्छिणाऱ्याकडून काय अपेक्षिले जाते? अभियंत्याकडून संगणकशास्त्राची पदवी. लिपिक-टंकलेखकाकडून मिनिटाला मराठी ३० व इंग्रजी ४० शब्दांची गती आणि सन २००१ मध्ये सुरू झालेली एमएस-सीआयटी किंवा तत्सम परीक्षा. टंकलेखनाच्या परीक्षेत गती मोजतात, चुका मोजतात. 'ऱ्ह' कसा साठविला गेला हे मोजण्याची सोय नाही, कारण तो कागदावर दिसत नाही. मराठीचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्याला वर्णव्यवस्था, मोडी, शुद्धलेखनाचा इतिहास आणि नामविज्ञान शिकविले जाते. त्याला ह्या सेवेत प्रवेशाचे दार नाही. संगणक अभियंत्याला दार आहे. त्याच्या अभ्यासक्रमात मराठी नाही. नगरपरिषदेचा एखादा जिज्ञासू अभियंता नोकरीच्या दहा वर्षांत हे सारे स्वतःच्या चुकांतून शिकतो, आणि त्याची बदली झाली की ते ज्ञान त्याच्याबरोबर जाते, कारण ते कोठे लिहून ठेवण्याची पद्धत नाही.

नव्या नियमांबरोबर नवे प्रश्न येतच असतात. महाराष्ट्र शासनाच्या मार्च २०२४ मधील निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आला. सामाजिक दृष्टीने ह्याचे महत्त्व स्वयंसिद्ध आहे. नोंदवहीच्या दृष्टीने ज्या प्रणाली तीन पदांच्या नावासाठी बांधल्या होत्या त्यांत चौथे पद कोठे ठेवावे हा प्रश्न उभा राहतो. ते मधल्या नावाच्याच रकान्यात वडिलांच्या नावाशेजारी लिहिले गेले, तर पुढे त्यांतील आई कोणती आणि वडील कोणते हे यंत्राला सांगता येणार नाही. मराठीत पुष्कळ नावे स्त्रीपुरुषांना समान आहेत. किरण, शशी, सुमन ही उदाहरणे पुरेशी होतील.

जुन्या मोडी दस्तांच्या अखेरीस लिहिणाराचे नाव 'बिकलम' ह्या शब्दाने देण्याची चाल होती: दस्त कोणाचा हे वर, आणि तो कोणाच्या लेखणीने उतरला हे खाली. आजच्या जन्मदाखल्यावर निबंधकाची अंकीय स्वाक्षरी असते. नाव ज्याने टंकित केले, 'ल' की 'ळ' हे ज्याने ठरविले, त्याची खूण प्रणालीच्या आतील नोंदीत एका लॉगिन क्रमांकाच्या रूपाने राहते. आणि कंत्राट संपले की तो क्रमांक बंद करण्यात येतो.